इंदूरचं खत आणि सस्कॅचेवानची मसूर

'माती सकस तर अन्न सकस, आणि अन्न सकस तर माणूस निरोगी.' हा विचार तुमच्या कानावरून गेला असेलच. सेंद्रिय डाळीच्या पिशवीवर, शनिवारच्या शेतकरी बाजारातल्या फळ्यावर, भारतातून येणाऱ्या व्हॉट्सॲप निरोपांत तो वेगवेगळ्या शब्दांत भेटत राहतो. ऐकायला इतका सरळ आहे की त्याला कुणी पुरावा मागत नाही. आधुनिक जगात तो रुजवणाऱ्या मोजक्या पुस्तकांपैकी एक म्हणजे सर अल्बर्ट हॉवर्ड यांचं 'ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट'. ते १९४० साली प्रसिद्ध झालं आणि सेंद्रिय शेतीच्या चळवळीत आजही ते मूळ ग्रंथासारखं मानलं जातं.

कॅनडातल्या मराठी वाचकानं हे पुस्तक वाचावं असं मला वाटतं, आणि त्याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे त्याचं मूळ होळकरांच्या इंदुरात आहे. दुसरं म्हणजे त्यातल्या दाव्यांची कसोटी घ्यायची तर आपल्या ताटातल्या मसुरीइतकं सोयीचं उदाहरण सापडणार नाही.

आधी इंदूर. हॉवर्ड १९०५ मध्ये सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून बिहारातल्या पुसा इथे आले. १९२४ मध्ये इंदूरला 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' सुरू झाली आणि १९३१ पर्यंत ते तिथे होते. जाता जाता, १९३१ मध्ये, त्यांनी एक छोटं पुस्तक काढलं : 'द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर'. त्याच्या मुखपृष्ठावर दोन नावं आहेत. दुसरं नाव यशवंत डी. वाड यांचं. ते त्याच संस्थेत रसायनशास्त्राचे मुख्य साहाय्यक होते. पुढे 'इंदूर पद्धत' जगभर गेली, तिच्यामागे हॉवर्ड यांचं नाव गेलं, वाड मात्र मुखपृष्ठावरच राहिले.

ही दोन पुस्तकं एकामागोमाग वाचली की फरक जाणवतो. १९३१चं पुस्तक रुक्ष आहे आणि ती रुक्षताच त्याची ताकद आहे. खड्डा किती खोल, पालापाचोळा आणि धसकटं गोठ्यात कशी अंथरायची, गोमूत्रानं भिजलेली माती आणि राख किती घालायची, पाणी कधी शिंपडायचं, ढीग तीन वेळा कसा उलथायचा, हे सगळं त्यात आहे. तीन महिन्यांत खत तयार. आपल्या गावाकडचा उकिरडा आठवा : वर्षभर उन्हापावसात पडलेला, त्यातलं नत्र निम्मं हवेत, निम्मं ओहोळात. इंदूरला नेमकं हेच नुकसान मोजलं गेलं आणि आवरलं गेलं. कर्ब आणि नत्र यांचं प्रमाण कसं बदलतं याचे हिशेब पुस्तकात आहेत. जे मोजलं तेवढंच लेखक बोलतात.

१९४०चं पुस्तक वाचायला कितीतरी रसाळ आहे. जमिनीतून जे घेतलं ते जमिनीला परत द्यायचं, हा हॉवर्ड यांचा 'परताव्याचा नियम' इथे पूर्ण जोमानं येतो. नत्र-स्फुरद-पालाश एवढ्यावरच शेती तोलणाऱ्या मानसिकतेवर केलेली टीका आजही चुरचुरीत वाटते. मात्र माती आणि आरोग्य यांवरच्या प्रकरणांत शास्त्रज्ञ मागे पडतो आणि प्रचारक पुढे येतो. तिथले पुरावे पाहा. हॉवर्ड यांचे बैल लाळ्या-खुरकूत झालेल्या शेजारच्या जनावरांना नाक लावूनही आजारी पडले नाहीत. हा अनुभव खरा असेल, पण तो नियंत्रित प्रयोग नव्हता. कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी उंदरांना भारतातल्या निरनिराळ्या प्रांतांचा आहार देऊन पाहिला आणि पोळी, दूध, डाळ, भाजी खाणारे उंदीर धडधाकट राहिले. पण हा फरक ताटातल्या पदार्थांचा होता. गहू शेणखतावरचा होता की दुसऱ्या कशावरचा, याचं उत्तर तो गाजलेला प्रयोग देत नाही. तिसरा पुरावा १९३९ मधलं इंग्लंडच्या चेशायरमधल्या डॉक्टरांचं जाहीर निवेदन. ते मतप्रदर्शन आहे, मोजमाप नाही. खड्ड्यातलं नत्र तोलून पाहणाऱ्या माणसानं इथे तराजू बाजूला ठेवला आहे.

आता मसूर. जगात सर्वांत जास्त मसूर निर्यात करणारा देश कॅनडा आहे आणि तिचा बहुतांश भाग सस्कॅचेवानमध्ये पिकतो. तुम्ही टोरंटोत आमटी करा नाहीतर तुमची बहीण पुण्यात करो, दाणा याच मातीतला असण्याची शक्यता मोठी. हे पीक इथलं जुनं नाही. सस्कॅचेवान विद्यापीठात आल स्लिंकार्ड १९७२ मध्ये आले आणि १९७८ मध्ये 'लेअर्ड' हे वाण प्रसारित झालं, तिथून ही कहाणी सुरू होते.

या मसुरीत सेलेनियम भरपूर असतं. शरीराला ते अगदी थोडं लागतं, प्रौढ माणसाला दिवसाला ५५ मायक्रोग्रॅम, पण लागतं. सस्कॅचेवानच्या मसुरीवर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात किलोमागे ४२५ ते ६७३ मायक्रोग्रॅम सेलेनियम आढळलं. म्हणजे शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत दिवसाची बहुतेक गरज भागते. हे कुणाच्या शेणखतानं झालं नाही आणि कुणाच्या रासायनिक खतानंही नाही. प्रेअरीच्या मातीखालच्या खडकातच सेलेनियम आहे, कारण हा प्रदेश कधीकाळी समुद्राचा तळ होता. सेंद्रिय शेतकऱ्याच्या मुळांना ते मिळतं, तसं शेजारच्या फवारणी करणाऱ्यालाही.

याची उलट बाजू फिनलंडमध्ये दिसते. तिथल्या जमिनीतून पिकांना सेलेनियम फारच कमी मिळे. १९८४ मध्ये सरकारनं निर्णय घेतला आणि पुढच्या वर्षीपासून रासायनिक खतातच सेलेनियम मिसळायला सुरुवात झाली. धान्यात, दुधात आणि शेवटी लोकांच्या रक्तात ते वाढलं. हॉवर्ड यांनी ज्या पोत्यावर सगळा दोष ठेवला, त्याच पोत्यानं एका देशाचं पोषण सुधारलं.

'पूर्वीच्या भाजीत जो कस होता तो आता नाही' ही तक्रारही तपासून पाहू. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड इथे ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात १८४३ पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे. तिथे जपून ठेवलेल्या दाण्यांत जस्त, लोह, तांबं आणि मॅग्नेशियम १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत जवळपास स्थिर होतं, मग घसरलं. ही घसरण बुटक्या, भरघोस उत्पन्नाच्या वाणांबरोबर आली. शेणखताच्या वाफ्यात आली, रासायनिक खताच्या वाफ्यात आली, आणि काहीच न घातलेल्या वाफ्यातही आली. मातीतली खनिजं मात्र घटली नव्हती. तक्रारीत तथ्य आहे, पण आरोपी चुकीचा पकडला आहे.

मग हॉवर्ड यांना अडगळीत टाकायचं का? मुळीच नाही. त्यासाठीही याच प्रेअरीकडे पाहावं लागतं. ओल साठावी म्हणून इथे जमीन वर्षभर पड ठेवून वारंवार नांगरायची पद्धत होती. १९३०च्या दशकात दुष्काळ आला आणि ती उघडी माती वाऱ्यानं उडाली. १९३५ मध्ये केंद्र सरकारला प्रेअरीतल्या शेतीच्या पुनर्वसनासाठी वेगळी यंत्रणा उभारावी लागली. तरीही १९८४ मध्ये सस्कॅचेवानचे सिनेटर हर्बर्ट स्पॅरो यांच्या समितीला 'सॉइल ॲट रिस्क' हा अहवाल लिहावा लागला. त्यानंतर न नांगरता पेरायची पद्धत पसरली. १९९१ मध्ये कॅनडातल्या सुमारे ७ टक्के पेरणीक्षेत्रावर ती होती, २०११ पर्यंत निम्म्याहून जास्त क्षेत्रावर आली. जमिनीवर धसकटं राहिली, कर्ब वाढला, मुळांशी भागीदारी करणाऱ्या बुरशीचे धागे तुटायचे कमी झाले. या बुरशीचं महत्त्व हॉवर्ड यांनी आग्रहानं मांडलं होतं, आणि ती पिकाला स्फुरद आणि जस्त मिळवून देते हे पुढे नीट सिद्धही झालं. अडचण अशी की नांगर थांबला तो तणनाशकाच्या आधारावर. सेंद्रिय शेतकऱ्याला तण मारायला पुन्हा नांगरच हाती घ्यावा लागतो. मातीचं भलं आणि पिशवीवरचा शिक्का प्रत्येक वेळी एका बाजूला उभे राहत नाहीत.

परताव्याचा नियम मात्र इथे अक्षरशः खरा ठरतो. मॅनिटोबा विद्यापीठाच्या ग्लेनली इथल्या शेतात १९९२ पासून सेंद्रिय आणि प्रचलित शेतीची शेजारी-शेजारी तुलना चालू आहे. तिथल्या सेंद्रिय वाफ्यांत द्विदल पिकांनी नत्र भरून काढलं, पण पीक दर वर्षी बाहेर जात राहिलं तसं स्फुरद कमी कमी होत गेलं. शेणखत परत आल्यावर ते सावरलं. नत्र हवेतून आणता येतं, स्फुरद येत नाही. मसुरीच्या प्रत्येक पोत्याबरोबर सस्कॅचेवानचं थोडं स्फुरद जहाजात बसून जातं आणि मुंबईच्या किंवा टोरंटोच्या गटारात उतरतं. तिथून ते शेतात परत कसं न्यायचं, हा इंदूरच्या खड्ड्यानं विचारलेला प्रश्न अजून तसाच आहे.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं एवढंच. नव्यानं या देशात आलेल्या, घरभाडं भरताना हिशेब करणाऱ्या कुटुंबाला कुणी 'साधी डाळ म्हणजे निकस डाळ' असं सांगत असेल तर त्याला हे पुस्तक पुरावा म्हणून वापरू देऊ नका. साधी मसूर, पोळी, हिरवी भाजी आणि डाळीतलं लोह अंगी लागावं म्हणून वर पिळलेलं लिंबू, यानं मुलांचं पोषण होतं. सेंद्रिय घ्यायचं तर जरूर घ्या, पण तो आपल्या मुलांच्या प्रकृतीचा विमा समजून घेऊ नका. आणि मातीची काळजी असेल तर शिक्क्यापेक्षा तुमच्या शहरातल्या ओल्या कचऱ्याचं आणि सांडपाण्याचं पुढे काय होतं, हे नगरसेवकाला विचारा.

वाचायची असतील तर दोन्ही पुस्तकं वाचा, पण आधी १९३१चं. त्यात मोहून टाकणारं एकही वाक्य नसेल, पण यशवंत वाडांच्या प्रयोगशाळेतले आकडे आहेत, आणि पुढच्या पुस्तकातली कुठली पानं त्या आकड्यांच्या आधारावर उभी आहेत नि कुठली नाहीत, हे त्यामुळे तुमचं तुम्हालाच कळेल.