तंजावरच्या रंगभूमीवरील गर्व आणि स्वप्न

तंजावरच्या भोसले राजांच्या काळात लिहिल्या गेलेल्या नाटकांत दोन व्यक्तिरेखा पुन्हा पुन्हा भेटतात. एक म्हणजे स्वतःच्या थोरवीला भुललेला पुरुष. दुसरी म्हणजे मिरवणुकीत ओझरत्या दिसलेल्या, किंवा केवळ स्वप्नात आलेल्या पुरुषासाठी झुरणारी स्त्री. ग्रीक पुराणकथांनाही ही जोडी परिचित आहे. लॅटिन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसिस’मध्ये नार्सिसस पाण्यातल्या आपल्याच रूपावर भाळतो आणि त्याच्यावर जीव टाकणारी एको हळूहळू झिजत केवळ आवाज होऊन उरते. पण एकोला आपले दुःख सांगायला कोणी नाही. तिच्या तोंडी फक्त दुसऱ्याने उच्चारलेली शेवटची अक्षरे. तंजावरच्या नायिकेला मात्र ऐकणारी भेटते. या फरकातून एक संपूर्ण नाट्यप्रकार उभा राहिला, आणि त्याचे पुढे काय झाले हे मराठी नाटकाच्या इतिहासात पुरेसे सांगितले गेलेले नाही.

व्यंकोजी भोसल्यांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतले तेव्हा तिथे नायक राजांच्या दरबारी तेलुगू यक्षगानाची भरभराट झालेली होती. मराठ्यांनी ती मोडली नाही, तिच्यात आपली भाषा मिसळली. व्यंकोजींचे पुत्र शहाजी (राज्यकाल १६८४ ते १७१२) यांच्या नावावर तेलुगू, मराठी, तमिळ, संस्कृत अशा अनेक भाषांतली नाटके आहेत. त्यांचे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ मराठीतील आद्य नाटकांत गणले जाते. सांगलीत विष्णुदास भाव्यांचे ‘सीता स्वयंवर’ झाले ते १८४३ साली, म्हणजे त्यानंतर सव्वाशे वर्षांहूनही अधिक काळाने. शहाजींच्या ‘पंचभाषाविलास’ नाटकात द्रविड, आंध्र, महाराष्ट्र आणि उत्तरेकडील राजकन्या एकाच कृष्णावर अनुरक्त होतात आणि प्रत्येक जणी आपापल्या भाषेत बोलते. दरबारात जितक्या भाषा नांदत होत्या तितक्या भाषांत एकच ओढ बोलते, हे या नाटकाचे मर्म आहे.

गर्वाचा समाचार घेण्यातही शहाजी मागे राहिले नाहीत. त्यांच्या ‘सतीदानशूर’ या तेलुगू नाटकात मोरोभट्ट हा विद्वान ब्राह्मण मंदिराच्या उत्सवाला जातो आणि तिथे एका अंत्यज स्त्रीवर भाळतो. शिष्य शास्त्रवचने सांगून त्याला आवरू पाहतो. गुरू त्याच शास्त्राच्या आधारे आपल्या वासनेचे समर्थन करतो. पांडित्य माणसाला शहाणे करतेच असे नाही, कित्येकदा ते आंधळेपणाला उत्तम युक्तिवाद पुरवते, हे इथे भर दरबारात मांडलेले आहे. ब्राह्मणाला मराठी वळणाचे नाव देणारा नाटककार स्वतः मराठा राजा होता, याचे मोल कमी नाही.

या परंपरेचा सर्वांत समृद्ध प्रकार म्हणजे कुरवंजी. त्याची चौकट ठरलेली. देव किंवा राजा मिरवणुकीने निघतो. सख्यांसह चेंडू खेळणारी नायिका त्याला पाहते आणि विरहाने व्याकूळ होते. चंद्राला दोष देते, सखीला निरोप देऊन पाठवते. मग डोंगराळ मुलखातली कुरत्ती, म्हणजे भविष्य सांगणारी भटकी स्त्री, येते. आपल्या डोंगराचे, फिरलेल्या देशांचे वर्णन करते, नायिकेचा हात पाहते आणि मनातला पुरुष कोण ते ओळखून मीलनाचे भविष्य सांगते. शेवटी कुरत्तीचा नवरा तिला शोधत येतो. तमिळमधली सर्वांत नावाजलेली ‘तिरुक्कुट्रालक् कुरवंजी’ अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तिरिकूडरासप्प कविरायर यांनी रचली. तिचा नायक कुट्रालमचा शिव आहे.

या चौकटीत नायक जवळजवळ काहीच करत नाही. तो दिसतो आणि निघून जातो. नायिकेच्या झुरण्यातूनच त्याची थोरवी सिद्ध होते. नायक देव असतो तेव्हा ही रचना भक्तीची असते आणि तिला बाध येत नाही. नायकाच्या जागी राजा आला की तीच रचना स्तुतीची होते. दुसऱ्या सरफोजींच्या (१७९८ ते १८३२) गौरवार्थ कोट्टैयूरच्या शिवक्कोळुंदु देशिकर यांनी तमिळमध्ये रचलेली ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ हे याचे ठळक उदाहरण. इथे नायिका सरफोजींवरच मोहित होते. बृहदीश्वराच्या मंदिरात उत्सवकाळात देवदासी हा प्रयोग करीत. शिवाच्या प्रांगणात राजाच्या रूपासाठी झुरणारी स्त्री नाचत असे, आणि गावाने ते वर्षानुवर्षे पाहिले.

यामागची राजकीय वस्तुस्थिती करुण आहे. १७९९ च्या तहाने तंजावरचा राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला; सरफोजींकडे किल्ला, मानमरातब आणि वार्षिक नेमणूक राहिली. १८०३ मध्ये त्यांनी बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. तो भारतातील अतिशय विस्तृत शिलालेखांपैकी एक आहे. सत्ता गेल्यावर कीर्ती दगडात बसवण्याची ही धडपड अहंकाराची म्हणावी, तर त्या अहंकारात हरवलेल्या राज्याची जाणीवही आहे. शिलालेख आणि कुरवंजी एकाच गरजेतून आले. शिलालेख मात्र राजाविना उभा राहू शकतो. नाटकाला प्रेक्षक लागतो.

सरफोजींना केवळ आरशात पाहणारा राजा म्हणणे अन्यायाचे ठरेल, आणि त्याचा पुरावा त्यांच्याच मराठी नाटकात आहे. ‘देवेंद्र कुरवंजी’मध्ये चौकट तीच, नायक इंद्र. पण कुरत्ती आपल्या भ्रमंतीचे वर्णन करू लागते तेव्हा डोंगर-नद्यांच्या ठरीव यादीऐवजी पृथ्वीचा भूगोल उलगडतो: खंडे, देश, शहरे. सरफोजी लहानपणी जर्मन मिशनरी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली शिकले होते. ज्याची हुकमत किल्ल्याच्या तटापर्यंत आकसली होती, त्या राजाने भटक्या स्त्रीच्या तोंडून सारे जग बोलवून घेतले. मराठी नाट्यवाङ्मयात स्वप्न आणि ज्ञान यांची अशी सांगड दुसरीकडे क्वचितच सापडेल. नाट्य म्हणून या कृतीत उणीव आहे. भूगोल सुरू झाला की नायिकेचा विरह मागे पडतो आणि कुरत्ती शिक्षिकेसारखी बोलू लागते. तरीही स्वतःच्या स्तुतीसाठी वापरात आलेली चौकट एका राजाने जग समजून घेण्याकडे वळवली, ही तिची खरी कमाई.

त्याच श्वार्ट्झ यांच्या छायेत वाढलेले तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायक शास्त्री यांनी याच सुमारास ‘बेथलेहेम कुरवंजी’ रचली. तिची नायिका देवमोहिनी ख्रिस्ताच्या ओढीने झुरते, आणि त्यातही नवे खगोल-भूगोलाचे ज्ञान आले आहे. एकाच शहरात, एकाच पिढीत एक चौकट राजस्तुतीला, जगाच्या नकाशाला आणि ख्रिस्तभक्तीला पुरली, यावरून तिची लवचीकता कळते.

ग्रीक कथांचा धागाही याच दरबारात प्रत्यक्ष पोचला. सरफोजींच्या छापखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इसापच्या गोष्टींचा मराठी अनुवाद ‘बालबोधमुक्तावली’ छापला गेला. स्तुतीला भुलून तोंडचा घास गमावणारा कावळा, बैलाएवढे होण्यासाठी फुगणारा बेडूक ही गर्वाची ग्रीक रूपे इसापाच्या भांडारातली. स्तुतिपर नाटके ऐकणाऱ्या राजाच्या छापखान्यातून इसाप मराठी मुलांच्या हाती जावा, हे त्या दरबाराच्या व्यापक दृष्टीचे लक्षण आहे.

दरबाराबाहेर, तंजावरजवळच्या मेलट्टूर गावात याच काळात वेगळे नाटक वाढत होते. नायक राजांनी वसवलेल्या तेलुगू ब्राह्मणांच्या या गावात मराठा काळातील वेंकटराम शास्त्रींनी भागवत मेळा या मंदिरनाट्यासाठी नाटके रचली. त्यांत ‘प्रह्लाद चरित्र’ आहे आणि ‘उषा परिणय’ही: एकात गर्वाची पराकाष्ठा, दुसऱ्यात स्वप्नाचा पाठलाग. उषेला स्वप्नात अनोळखी तरुण दिसतो. चित्रलेखा देवादिकांची व राजपुत्रांची चित्रे काढत जाते आणि अनिरुद्धाचे चित्र येताच उषा त्याला ओळखते. ग्रीक कथेतला पिग्मॅलियन आपणच घडवलेल्या मूर्तीवर प्रेम करतो आणि ती सजीव होते. तिथे कलावंत आणि प्रेमी एकच आहेत. उषेच्या कथेत चित्र काढणारी सखी वेगळी, स्वप्न पाहणारी वेगळी. कलेचे काम इथे स्वप्नाला चेहरा देण्याचे आहे, आणि ते मैत्रीपोटी होते.

‘प्रह्लाद चरित्रा’तील हिरण्यकशिपूशेजारी ग्रीक निओबी ठेवली की या नाटकाची ताकद दिसते. निओबी आपल्या चौदा अपत्यांचा तोरा लेटो देवीपुढे मिरवते; लेटोची दोनच मुले, अपोलो आणि आर्टेमिस, तिची सगळी अपत्ये मारतात. तिथे गर्व आईचा आणि शोकही आईचाच. मेलट्टूरच्या नाटकात गर्व बापाचा आहे आणि पोळते ती आई, लीलावती. नवऱ्याची आज्ञा आणि मुलाचा जीव यांच्यामध्ये सापडलेल्या लीलावतीची पदे हा या प्रयोगाचा गाभा आहे. स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करतात. नरसिंह जयंतीच्या सुमारास मंदिरासमोर रात्रभर प्रयोग चालतो. नरसिंहाचा मुखवटा पूजेतला. तो धारण करणारा उपवास करतो, आणि हिरण्यकशिपूसमोर आल्यावर त्याचा आवेश इतका वाढतो की माणसांना त्याला धरून ठेवावे लागते.

आज या परंपरांची अवस्था सारखी नाही. मेलट्टूरचा मेळा मधल्या काळात क्षीण झाला होता, ई. कृष्ण अय्यर यांच्यासारख्यांच्या खटपटीने तो सावरला आणि चालू आहे. चेन्नईच्या कलाक्षेत्रात रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी ‘कुट्राल कुरवंजी’ १९४४ साली नृत्यनाट्य म्हणून बसवली आणि पुढे ‘उषा परिणय’ही रंगमंचावर आणले. त्यामुळे हे विषय शहरी प्रेक्षकांपर्यंत पोचले. त्याचबरोबर मंदिरातल्या ज्या स्त्रियांनी ते पिढ्यान्‌पिढ्या जपले होते त्या बाजूला पडल्या. देवदासी समर्पणबंदीचा मद्रास कायदा १९४७ चा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’चा मंदिरातला वार्षिक प्रयोग थांबला होता. देवदासीप्रथा बंद होणे न्याय्यच होते. पण त्या स्त्रियांच्या अंगात मुरलेली अभिनयविद्या सांभाळण्याची जबाबदारी त्यासोबत कोणी घेतली नाही, ही हानी मोठी आहे.

मराठी नाटकांची स्थिती सर्वांत कठीण. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांची हस्तलिखिते आहेत, ‘देवेंद्र कुरवंजी’सह काही छापलीही गेली आहेत. सरफोजींच्या काळातल्या मराठी नृत्यरचना, एकाच कथाविषयावर ओवलेली निरूपणे, हेही तिथेच आहे. या साहित्याला ग्रंथालय लाभले, गाव लाभले नाही. तेलुगू नाटकांमागे मेलट्टूरचे मंदिर उभे राहिले, तमिळ कुरवंजीमागे आधी देवदासी आणि मग कलाक्षेत्र. मराठी नाटक दरबाराचे होते. १८५५ मध्ये तंजावरचे राजे दुसरे शिवाजी वारल्यावर कंपनीने गादी खालसा केली आणि त्याचा प्रेक्षकच उरला नाही. मराठीचा एक अंश मात्र कीर्तनाच्या वाटेने टिकला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर कृष्ण भागवतरांनी मराठी कीर्तनातील साकी, दिंडी तमिळ हरिकथेत रुजवल्या आणि त्या चाली दक्षिणेत आजही ऐकू येतात.

महाराष्ट्रात या नाटकांची चर्चा होते ती बहुधा ‘आद्य नाटक कोणते’ या वादापुरती. शहाजी आधी की भावे आधी, हे ठरले की पुस्तक मिटते. हाही एक प्रकारचा गर्वच, भाषेचा. नाटकांच्या आत काय आहे, शहाजींच्या राजकन्या कशा बोलतात, सरफोजींची कुरत्ती नायिकेचा हात कसा वाचते, याकडे रंगकर्मी वळलेले नाहीत. संहिता उपलब्ध आहेत. मेलट्टूरची वेशभूषेची आणि अभिनयाची परंपरा जिवंत आहे. तंजावरी मराठी बोलणारी घरे तंजावर-कुंभकोणम परिसरात आणि चेन्नईत अजून आहेत, त्यामुळे उच्चार आणि लकब शिकता येईल. ‘देवेंद्र कुरवंजी’चा प्रयोग करायचा तर भूगोलाचा भाग आखडून नायिकेचा विरह पुन्हा मध्यभागी आणावा लागेल, आणि तमिळ रंगकर्मींच्या सोबतीनेच तो उभा राहील.