मनी गेल्यानंतरचा पांडुरंग

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकायला जातो, तिथे रमत नाही आणि शेवटी गावी परततो. त्याला ‘आत्ममग्न’ म्हणून मोकळे होण्याची पद्धत आहे. आम्ही विज्ञानाचे अभ्यासक, साहित्याचे जाणकार नव्हे. तरीही त्याच्या तुटलेपणाची एक जागा विज्ञान शिक्षकांनी जरूर पाहावी असे आम्हाला वाटते. ती म्हणजे धाकट्या बहिणीचा, मनीचा, देवीने झालेला मृत्यू.

लस न टोचलेल्यांना तीव्र देवी आल्या, तर दर दहांपैकी सुमारे तिघे दगावत. ही लस मुंबईत १८०२ मध्येच आली होती. देशव्यापी निर्मूलन मोहीम मात्र १९६२ मध्ये सुरू झाली आणि १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण आढळला नाही. म्हणजे असे मृत्यू टाळता येण्याजोगे होते. अशा मृत्यूचे दुःख नुसते दुःख राहत नाही, ते जाब विचारू लागते. विषाणूला जाब विचारता येत नाही, म्हणून राग घरच्या माणसांकडे वळतो. पांडुरंगाचे वडिलांशी मुळातच पटत नाही. मनीनंतर ते अंतर आणखी जाणवते.

साने गुरुजींच्या श्यामची माया आईच्या आठवणीने अधिक कोवळी होते. पांडुरंगाची माया गोठते आणि ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’ अशा शब्दांच्या आड लपते. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी असा राग हा शोकाचाच भाग मानला. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये आघातोत्तर तणावाच्या विकाराला अधिकृत नाव दिले, तेव्हा इतरांविषयी परकेपणा वाटणे हेही त्याच्या लक्षणांत होते. पांडुरंगावर हा शिक्का मारावा असे आमचे म्हणणे नाही. कादंबरी म्हणजे रुग्णाचा केसपेपर नव्हे. परंतु लेखकाचे निरीक्षण त्या व्याख्येच्या सतरा वर्षे आधीचे आहे, हे विसरू नये.

आमची एक तक्रार आहे. आई-वडिलांनीही लेक गमावलेली असते. सारे काही पांडुरंगाच्याच नजरेतून येत असल्याने त्यांचा शोक आपल्याला पुरेसा दिसत नाही. आघात झालेल्या माणसाची नजर अशीच आखडते, हे खरे. म्हणूनच उरलेली बाजू वाचकाने स्वतः भरून काढावी लागते.

कोविडच्या साथीनंतर जळगाव-धुळ्याच्या वर्गांतही घरातले माणूस गमावलेली मुले बसली होती. वडील गेलेला एखादा मुलगा आईवरच खेकसतो, गुरुजींना उलट बोलतो. त्याला उद्धट ठरवण्याआधी हा राग कोणासाठी आहे, हे पाहावे. आणि लसीकरणाचा धडा शिकवताना आकडे सांगून झाल्यावर मनीचीही गोष्ट सांगावी.