कमिसार आणि कादंबरीकार : ‘चापायेव’मधील आत्मचित्र

दिमित्री फुर्मानोव्ह (१८९१–१९२६) याच्या ‘चापायेव’ (१९२३) या कादंबरीचा विचार बहुधा तिच्या नायकाच्या अनुरोधाने होतो. १९३४ च्या चित्रपटाने ही दृष्टी अधिकच दृढ केली. वस्तुतः कादंबरीतील कूट प्रश्न कमिसार फ्योदोर क्लिच्कोव्ह याच्याविषयीचा, म्हणजेच लेखकाच्या आत्मचित्राविषयीचा आहे.

फुर्मानोव्ह हा इव्हानोव्हो-व्होझ्नेसेन्स्क या कापडगिरण्यांच्या प्रांतीय शहरात घडलेला कार्यकर्ता. १९१७ मध्ये तो तेथील सोव्हिएटमध्ये काम करू लागला. प्रथम मॅक्सिमलिस्ट, नंतर अराज्यवादी आणि अखेर जुलै १९१८ मध्ये, फ्रुंझेच्या प्रभावाने, बोल्शेव्हिक असा त्याचा प्रवास झाला. पक्षाच्या स्थानिक समितीचे चिटणीसपद सांभाळून १९१९ मध्ये तो चापायेवच्या पंचविसाव्या डिव्हिजनचा कमिसार झाला. या काळातील रोजनिशी हाच कादंबरीचा मुख्य आधार होय. कादंबरीत चापायेव व फ्रुंझे यांची नावे खरी आहेत. लेखकाने स्वतःचे नाव मात्र बदलले आहे.

या नामांतरामुळे लेखकाला एक मोकळीक मिळाली. पहिल्याच लढाईत क्लिच्कोव्हचे धैर्य खचते व तो आघाडी सोडून मागे पळतो, हा प्रसंग फुर्मानोव्ह निःसंकोच रंगवितो. वीरगाथेच्या परंपरेत अशी कबुली दुर्मिळ आहे. म्हणूनच समीक्षकांनी तिची प्रशंसा केली. परंतु ही भीती पुढे जिंकली जाते. अर्थात् हा दोष अधिकारपदाला उणेपणा आणीत नाही. उलट त्या पदाच्या शिक्षणाचा तो पहिला धडा ठरतो.

दुसरा दोष मात्र असा नव्हता. १९१९ च्या उन्हाळ्यात फुर्मानोव्हची डिव्हिजनमधून बदली झाली, ती चापायेवशी झालेल्या कटु संघर्षानंतर. या संघर्षात फुर्मानोव्हच्या पत्नीवरून निर्माण झालेल्या मत्सराचाही भाग होता, हे पुढे प्रकाशात आलेल्या पत्रांवरून दिसते. कादंबरीत ही बदली केवळ वरिष्ठांची आज्ञा म्हणून येते आणि चापायेव तिने व्यथित होतो. खाजगी आयुष्य झाकण्याचा अधिकार लेखकाला आहेच. आक्षेप त्या मौनाच्या कलात्मक परिणामावर आहे. त्या मौनामुळे कमिसार हा सदैव गुरू आणि सेनानी हा सदैव शिष्य राहतो. दोघे समान पातळीवर कधीच भांडत नाहीत.

‘विद्रोह’ (१९२५) या पुढील ग्रंथाशी तुलना येथे उद्बोधक ठरते. जून १९२० मध्ये वेर्नी (आताचे अल्माटी) येथे झालेल्या सैनिकी बंडाचा हा वृत्तांत प्रथमपुरुषी असून त्यात तारा व हुकूम अंतर्भूत आहेत. तेथे अधिकारी आपल्या खऱ्या नावाने उभा आहे. बिथरलेल्या जमावापुढे काय बोलावे, कोठे नमते घ्यावे, याचा त्याचा हिशेब वाचकासमोर उघडपणे मांडला जातो. गुरुत्वाचा अभिनिवेश तेथे टिकू शकत नाही.

तथापि ‘चापायेव’चा शेवट या दोषावर मात करतो. ५ सप्टेंबर १९१९ रोजी ल्बिश्चेन्स्क येथे चापायेव मारला गेला, तेव्हा फुर्मानोव्ह तेथे नव्हता. त्याच्या जागी आलेला कमिसार बातुरिन त्याच हल्ल्यात ठार झाला. ज्या बदलीचे खरे कारण कादंबरी सांगत नाही, तिनेच लेखकाला जिवंत ठेवले. अखेरच्या प्रकरणात क्लिच्कोव्ह नाही, म्हणून उपदेशही नाही. जखमी चापायेव उरल नदीच्या पात्रात आहे. आणि गुरूच्या अनुपस्थितीतच तो प्रथम स्वतंत्र व्यक्ती म्हणून वाचकाच्या दृष्टीस पडतो.