रेषेवर ओव्हरटेक नसतो

अविनाश खरे यांचं 'फ्रॅक्शनल स्टॅटिस्टिक्स अँड क्वांटम थिअरी' (दुसरी आवृत्ती, २००५) हे पदव्युत्तर विद्यार्थी आणि संशोधकांसाठीचं पुस्तक. जालन्यात बसून कोड लिहिणाऱ्यानं ते का वाचावं? कारण दोन कण एकमेकांवर परिणाम करतात म्हणजे नेमकं काय होतं, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचा ते पिच्छा सोडत नाही.

दोन सारख्या कणांनी जागा बदलली असं समजा. त्रिमितीत एकानं दुसऱ्याभोवती घातलेला वळसा वर उचलून सोडवता येतो. कागदासारख्या सपाट जगात तो सुटत नाही. तिथे कणांच्या वाटा वेणीच्या पेडांसारख्या गुंफल्या जातात आणि ती गुंफण कणांच्या वागण्यात उतरते. असे कण म्हणजे एनिऑन. पण रेषेवर? तिथे ओव्हरटेकच नाही. वळसा नाही, तर वेणी कुठली?

इथे खरे यांच्या मांडणीचं बळ दिसतं. वेणीच्या जोडीला ते हॉल्डेन यांची १९९१ची मोजणी आणतात. एसटीत एक जण चढला की पुढच्यासाठी किती सीट कमी होतात? बोसॉनसाठी शून्य, फर्मिऑनसाठी एक, आणि अपूर्णांकही चालतो. कॅलोजेरो-सदरलँड मॉडेलमधले कण रेषेवर एकमेकांना ढकलतात, तरी त्यांचं गणित पूर्ण सुटतं. क्वांटम हिशेबात ते ढकलणंच कमी झालेली सीट होऊन बसतं.

मात्र या मोजणीत चित्र मागे पडतं. त्यासाठी काझदान, कोस्तांत आणि स्टर्नबर्ग यांचा १९७८चा लेख शेजारी ठेवावा. क्वांटम क्षणभर बाजूला ठेवा. एक मॅट्रिक्स सरळ रेषेत, एकसमान वेगानं जाऊ द्या. सुरुवात योग्य निवडली, तर तिच्या आयगेनव्हॅल्यू अगदी याच कणांसारख्या एकमेकींना ढकलत सरकतात. मॅट्रिक्सच्या मोठ्या जागेत कुणी कुणाला ढकलत नाही. ढकलणं ही खाली पडलेली सावली.

आयगेनव्हॅल्यू आपण इंजिनिअरिंगच्या पहिल्याच वर्षी काढल्या, मार्कांपुरत्या. त्या हलू शकतात, हे वर्गात कुणी सांगितलं नाही. मराठीत हे सांगायचं तर 'कणांचा नाच' म्हणून भागणार नाही. वेणी, वळसा, सीट, सावली हे शब्द आपल्याकडे आहेतच. प्रत्येकासोबत त्याचं गणितही यायला हवं.