भयपट : मुंबईची परंपरा

भूतपिशाच, शाप, पुनर्जन्म, परकायाप्रवेश यांसारख्या अतिमानुष घटनांच्या योगे प्रेक्षकाच्या मनात भीती जागविणे हे ज्याचे प्रधान प्रयोजन असते, अशा चित्रपटास ‘भयपट’ म्हणतात. खून व तपास यांवर आधारलेल्या रहस्यपटाशी त्याचे नाते जवळचे असले, तरी दोहोंत भेद आहे. रहस्यपटातील कोडे सुटले, की प्रेक्षक निश्चिंत होतो; चांगल्या भयपटात उलगडा झाल्यावरही काहीतरी शिल्लक राहते. जर्मनीतील नोस्फेरातू (१९२२), हॉलिवुडचे ड्रॅक्युला व फ्रँकेन्स्टाइन (दोन्ही १९३१) आणि इंग्लंडमधील ‘हॅमर’ या संस्थेचे १९५७ पासूनचे रंगीत चित्रपट यांनी या प्रकाराचे पाश्चात्त्य स्वरूप निश्चित केले. मुंबईत निर्माण झालेल्या हिंदी व मराठी भयपटांनी त्यांच्यापासून पुष्कळ उसनवारी केली. तथापि त्यांतील भूत वेगळ्या कुळीचे आहे. ते बहुधा धनको असते. कोणाची तरी जमीन, अब्रू किंवा प्राण हिरावून घेतलेला असतो आणि ते येणे वसूल करण्यासाठी ते परतलेले असते. त्याचे दुसरे वैशिष्ट्य असे, की मुंबईच्या चित्रपटातील हे भूत दीर्घकाळ मुंबईत राहत नव्हते.

हे दुसरे वैशिष्ट्य समजण्यासाठी प्रेक्षक कोठे राहत होता, हे पाहावे लागते. गिरगाव, दादर, परळ व लालबाग येथील चित्रगृहांना विसाव्या शतकात ज्याने आधार दिला, तो प्रेक्षक मुख्यतः चाळकरी. बाँबे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० नंतरच्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी व डिलाइल रोड येथे बांधलेल्या चाळींतील खोली १६० चौ. फुटांची (सु. १५ चौ. मी.) होती. गिरणगावात एकाच गावच्या मंडळींनी मिळून घेतलेल्या खोल्यांत माणसे गिरणीच्या पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपत. दार दिवसभर उघडे, सज्जात कोणी ना कोणी उभे, नळ व शौचकूप सामाईक. भुताला मात्र एकांत लागतो. बंद दार, न वापरलेला जिना आणि निदान एक रिकामी खोली लागते. चाळीत यांपैकी काहीच नव्हते. भुतांच्या गोष्टी अर्थात भरपूर होत्या, परंतु त्यांतील मुंजा, खवीस, हडळ, देवचार ही मंडळी बहुतांशी कोकणातील किंवा घाटावरील गावीच राहिलेली. गिरणी कामगाराने जमीन, घर व देवघर गावी ठेवले, तशी भुतेही तेथेच ठेवली आणि शिमग्या-गणपतीला गावी गेल्यावर त्यांची विचारपूस केली, असे म्हणण्यास हरकत नाही. अशा प्रेक्षकाला पडद्यावरील ओसाड हवेली जेवढी भयावह, तेवढीच हेवा वाटावा अशीही होती. एवढ्या खोल्या आणि राहणारे कोणी नाही, हे दृश्य त्याच्या दृष्टीने भुताइतकेच अद्भुत होते.

भीतीचे दृश्य मराठी माणसाने पडद्यावर फार लवकर आणले. धुंडिराज गोविंद फाळके (१८७०–१९४४) यांचा दादर येथे तयार झालेला राजा हरिश्चंद्र ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात प्रदर्शित झाला. फाळके यांचे चमत्कृतिदृश्यांवरील प्रभुत्व पुढे नाशिकहून काढलेल्या श्रीकृष्णजन्म (१९१८) या मूकपटाच्या उपलब्ध भागात दिसते. त्यात भयग्रस्त कंसाचे मस्तक धडापासून विलग होते. ही पौराणिक कथा असल्याने तिला भयपट म्हणता येत नाही. परंतु अन्याय करणाऱ्यालाच भास व्हावेत, ही कल्पना तेथे आहे आणि पुढील सर्व परंपरेला ती पुरली.

परंपरेचा खरा प्रारंभ ‘बाँबे टॉकीज’च्या महल (१९४९) या चित्रपटाने झाला. कमाल अमरोही यांचे हे पहिले दिग्दर्शन. लिलावात घेतलेल्या जुन्या प्रासादात आलेल्या नायकाला (अशोक कुमार) पूर्वीच्या मालकाच्या तसबिरीत स्वतःचाच चेहरा दिसतो आणि एक स्त्री (मधुबाला) गात गात दिसेनाशी होते. जोसेफ विर्शिंग या जर्मन छायाचित्रकाराने अंधार व प्रकाश यांची केलेली मांडणी आजही जुनी वाटत नाही. खेमचंद प्रकाश यांच्या संगीतातील लता मंगेशकर यांचे गीत या चित्रपटाचा प्राण होय. गाणारी दुरून जवळ येत असल्याचा आभास निर्माण व्हावा, म्हणून गायिकेने ध्वनिक्षेपकापासून लांब उभे राहून गात गात पुढे यावे, अशी योजना केली होती, असे सांगितले जाते. प्रारंभीच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिकेऐवजी ‘कामिनी’ हे पात्राचेच नाव छापले होते. त्यामुळे घरी ध्वनिमुद्रिका लावणाऱ्यालाही आवाज कोणाचा, याचा पत्ता लागत नव्हता. भुतासाठी याहून चांगली जाहिरात संभवत नाही.

महलच्या अखेरीस भूत खोटे ठरते. कामिनी ही प्रासादाच्या माळ्याची मुलगी असते. समीक्षकांनी या उलगड्याला कृत्रिम म्हटले, तर ते चूक नाही. पण त्यातील आशय सहसा लक्षात घेतला जात नाही. ज्या घराची बाग तिचा बाप राखतो, त्या घरात माळ्याच्या मुलीला माणूस म्हणून प्रवेश नाही. भूत झाल्यावर मात्र मालक तिच्यामागे धावतो. घरावरील हक्क सांगण्याची तिला उपलब्ध असलेली ही एकमेव रीत होती.

बिमल रॉय यांच्या मधुमती (१९५८) या चित्रपटात ही रीत परिपूर्णतेस पोहोचली. बिमल रॉय यांनी महलचे संकलन केले होते, ही गोष्ट येथे लक्षणीय ठरते. मधुमतीची कथा ऋत्विक घटक यांची. जमीनदाराने नायिकेचा बळी घेतलेला असतो. त्याच्याकडून कबुलीजबाब मिळविण्यासाठी नायक तिच्यासारख्या दिसणाऱ्या मुलीला भूत म्हणून उभी करण्याचा बेत करतो. बेत सफल होतो, जमीनदार कोसळतो. आणि मग ध्यानात येते, की सोंग घेणारी मुलगी आता कोठे येऊन पोहोचते आहे. आधी येऊन गेलेली कोण होती, हे सांगावे लागत नाही. भूत खोटे असल्याचा उलगडा आणि भूत खरे असल्याची साक्ष एकाच दृश्यात देणारा हा प्रसंग या प्रकारातील सर्वोत्कृष्ट होय. विवेकी व श्रद्धाळू दोन्ही प्रेक्षक त्यात आपापल्या परीने फसतात.

बीस साल बाद (१९६२), वह कौन थी (१९६४), कोहरा (१९६४) इ. चित्रपटांनी धुके, पांढरी साडी, करकरणारे दार आणि दूरचे गाणे ही सामग्री रूढ केली. पहिल्यात कोनन डॉइल यांच्या कादंबरीतील कुत्र्याची जागा अत्याचारित मुलीच्या पित्याच्या सूडाने घेतली, हा फरक बोलका आहे.

रामसे बंधूंनी मात्र उलगडा टाकून दिला. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या या कुटुंबाचा मूळ व्यवसाय रेडिओविक्रीचा. वडील एफ्. यू. रामसे यांनी निर्मिलेला एक नन्ही मुन्नी लडकी थी (१९७०) अयशस्वी ठरला. परंतु त्यातील भयंकर मुखवटा घालून चोरी करण्याच्या प्रसंगाला प्रेक्षकांनी दाद दिल्याचे मुलांच्या लक्षात आले. दो गज जमीन के नीचे (१९७२) हा चित्रपट महाबळेश्वर येथे अत्यल्प खर्चात चित्रित झाला. सात भावांनी लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनिमुद्रण व संकलन ही कामे आपसांत वाटून घेतली होती. घरातील स्त्रियाही चित्रीकरणस्थळी राबत. दरवाजा (१९७८), पुराना मंदिर (१९८४), वीराना (१९८८), बंद दरवाजा (१९९०) हे त्यांचे प्रमुख चित्रपट. लाल-निळ्या दिव्यांचा भडक वापर, ओढूनताणून आणलेला विनोद आणि कथेशी संबंध नसलेली स्नानदृश्ये हे त्यांचे दोष उघड आहेत. असे असूनही, पुराना मंदिरची रचना वाटते तेवढी भोळी नाही. सामरी या दुष्टाचे शिर व धड वेगळे पुरलेले असते; त्याच्या शापाने ठाकुर घराण्यातील स्त्रिया प्रसूतीच्या वेळी मरतात. घराणे शहरात येऊन राहिले तरी शाप सुटत नाही. मुलीला विजापूरच्या हवेलीत परत जावेच लागते. मालमत्ता पुरुषांच्या नावे आणि देणे मात्र स्त्रियांच्या अंगावर, असा हा वारसा आहे. रामसेंनी हे जाणून केले असे नव्हे, पण प्रेक्षकाला ते परके वाटले नाही.

याच काळातील विकास देसाई व अरुणा राजे यांचा गहराई (१९८०) तुलनेने कमी पाहिला गेला. वस्तुतः विषयाच्या गाभ्याला तोच सर्वांत जवळून भिडतो. बंगलोरमध्ये राहणारा एक सुशिक्षित गृहस्थ (श्रीराम लागू) गावाकडील जमीन साबणाच्या कारखान्याला विकतो आणि त्याच्या शाळकरी मुलीला (पद्मिनी कोल्हापुरे) झपाटले जाते. तिच्या तोंडून जमीन राखणाऱ्या गड्याच्या बायकोवर झालेला अन्याय बोलू लागतो. घर नेहमीचे, दिवे लागलेले, शेजार जागा. हवेलीचा आधार न घेताही भय निर्माण होते. द एक्झॉर्सिस्टचा (१९७३) प्रभाव त्यावर दिसतो, परंतु तेथील सैतान बाहेरून येतो, तर येथील भूत जमिनीच्या व्यवहारातून येते. गिरणगावातील ज्या प्रेक्षकाची गावाकडील जमीन भाऊबंदकीत किंवा सावकारीत अडकलेली होती, त्याला याचे वेगळे स्पष्टीकरण नको होते.

मराठी चित्रपटाने भुताला प्रथम मनात शोधले आणि मग हसण्यावारी नेले. वसंत जोगळेकर यांच्या हा खेळ सावल्यांचा (१९७६) मध्ये नायिकेच्या भीतीवर मानसिक उपचार हे उत्तर ठरते. महेश कोठारे यांच्या झपाटलेला (१९९३) मधील तात्या विंचू हा बाहुला परदेशी कल्पनेवर बेतलेला असला, तरी रामदास पाध्ये यांनी घडविलेला तो बाहुला व लक्ष्मीकांत बेर्डे यांची घाबरगुंडी अस्सल मराठी आहे. साहित्य मात्र चित्रपटाच्या पुढे होते. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथांनी भयाला शहरी मध्यमवर्गीय घरात केव्हाच आणले होते.

पडद्यावरील भूत मुंबईत ठळकपणे राहायला आले ते रामगोपाल वर्मा यांच्या भूत (२००३) या चित्रपटात. नवविवाहित जोडपे बाराव्या मजल्यावरील सदनिका घेते. तेथे पूर्वी एका स्त्रीचा मृत्यू झालेला असतो. गाणी नाहीत, हवेली नाही. उद्वाहक, पहारेकरी, काचेची दारे आणि शेजारच्या घरात कोण राहते हे ठाऊक नसणे, एवढ्यावर भीती उभी राहते. हा काळ गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उठू लागल्याचा होता. बंद दार व रिकामी खोली आता शहरात मिळू लागली होती आणि भुताची सोय झाली. बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासात १६० चौ. फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौ. फुटांची सदनिका देण्याची योजना आहे. सुखाची गोष्ट असली, तरी सामाईक सज्जा तिच्यात नाही.

राही अनिल बर्वे यांच्या तुंबाड (२०१८) ने धनकोचे नाते उलटे केले. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या कथेपासून स्फूर्ती घेतलेल्या या चित्रपटात वाड्यावर कायदेशीर हक्क नसलेला अनौरस मुलगा पुण्याहून पुनःपुन्हा येतो आणि हस्तर या शापित देवाच्या सुवर्णमुद्रा पळवितो. येथे भूत वसुलीला येत नाही. माणूसच भुताला लुबाडतो. भीती वाटते ती त्याच्या कसबाची आणि ते तो मुलाला शिकवितो याची.

भयपट अंधश्रद्धा वाढवितो, हा आक्षेप जुना आहे आणि तो सर्वस्वी निराधार नाही. डॉक्टर हतबल व मांत्रिक यशस्वी हा साचा अनेक चित्रपटांनी गिरविला. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा होण्यास २०१३ साल उजाडावे लागले, हे ध्यानी घेता झपाटलेल्या स्त्रीला मारहाण करण्याची दृश्ये केवळ करमणूक म्हणून सोडून देता येत नाहीत. गहराईतील मांत्रिकाचे प्रसंग अघोरी आहेत, पण ते मांत्रिकाविषयी घृणा उत्पन्न करतात. रामसेंच्या त्रिशूळाविषयी असे म्हणता येत नाही.

या प्रकाराचे आकर्षण टिकण्यास एकपडदा चित्रगृहांतील प्रेक्षागृहाचाही वाटा आहे. स्वस्त तिकिटाच्या रांगांतून भूत दिसताच प्रथम किंकाळी, मग शिटी आणि मग मोठ्याने केलेली थट्टा, हा क्रम ठरलेला असे. एकट्याची भीती शेकडो जणांत वाटून घेतली जाई. एकांताचे दृश्य गर्दीत बसून पाहणे ही त्यातील खरी चैन होती. गिरगाव ते लालबाग या पट्ट्यातील अशी बरीच चित्रगृहे बंद पडली आणि भयपट घरातील लहान पडद्यावर गेला. तरीही तुंबाड सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा चित्रगृहांत लागला, तेव्हा मूळ प्रदर्शनापेक्षा अधिक प्रेक्षकांनी तो पाहिला. त्यांपैकी कित्येकांनी तो आधी घरी एकट्याने पाहिलेला होता.