सुषुम्ना आणि मेरुरज्जू : एका समीकरणाची तपासणी

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायावर लिहिणारे आमचे पदव्युत्तर विद्यार्थी ‘सुषुम्ना’ या शब्दापुढे ‘मेरुरज्जू’ असा अर्थ देऊन मोकळे होतात. इडा व पिंगला म्हणजे कण्याच्या दोन्ही अंगांच्या अनुकंपी मज्जासाखळ्या आणि चक्रे म्हणजे मज्जातंतूंची जाळी, हेही ओघाने येते. हा अर्थ कोणी व कशाच्या आधारे लावला, याची विचारणा केल्यास मात्र उत्तर मिळत नाही. म्हणून या समीकरणाची एकदा नीट तपासणी करणे अगत्याचे वाटते.

मुंबईत या मताला सर्वांत ठाशीव रूप दिले ते डॉ. वसंत गं. रेळे यांनी, ‘द मिस्टीरियस कुंडलिनी’ या १९२७ साली निघालेल्या इंग्रजी ग्रंथात. त्याची एक जुनी प्रत गिरगावात, खोताच्या वाडीतील एका दिवंगत डॉक्टरांच्या संग्रहातून प्रस्तुत लेखकाच्या हाती आली. मूलाधारचक्राच्या वर्णनापाशी समासात शिसपेन्सिलीने फक्त ‘२, ३, ४’ असे आकडे लिहिलेले आहेत. त्यांचा उलगडा पुढे होईल.

रेळे यांच्या मते सुषुम्ना म्हणजे मेरुरज्जू आणि कुंडलिनी म्हणजे उजवा व्हेगस मज्जातंतू. ही कल्पना उथळ नव्हे. हृदयाचे ठोके मंदावणारा मज्जातंतू व्हेगसच आहे. योग्याच्या नाडीचा वेग इच्छेने कमी होत असेल, तर वैद्याचे लक्ष प्रथम तिकडेच जाणार. उजवाच का, यालाही कारण आहे. जठरामागून उतरणारा व्हेगसचा मागील फाटा मुख्यतः उजव्या बाजूचा असून त्याचा उदरातील मोठ्या मज्जाजालाशी निकटचा संबंध येतो. क्रियेचे हे स्पष्टीकरण कोणीही आदराने वाचावे असेच आहे.

अडचण येते ती स्थानाची. मेरुरज्जूतून मज्जातंतूंच्या ३१ जोड्या निघतात : मानेच्या ८, छातीच्या १२, कमरेच्या ५, त्रिकास्थीच्या ५ आणि माकडहाडाची १. व्हेगस यांपैकी नव्हेच. तो मस्तिष्कातून निघणाऱ्या १२ जोड्यांपैकी दहावा. तो कवटीच्या तळाच्या छिद्रातून बाहेर पडून, मानेतील मोठ्या रक्तवाहिन्यांच्या सोबतीने छातीत व उदरात उतरतो. कण्याच्या पोकळीत त्याचा प्रवेशच नाही. शिवाय त्याची शाखा मोठ्या आतड्याच्या डाव्या वळणाच्या आसपास संपते. त्याखालील भागाला आणि कटिराच्या इंद्रियांना तसेच मज्जातंतू मिळतात ते त्रिकास्थीच्या दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या जोडीतून. समासातील आकडे हेच. त्या डॉक्टरांनी ग्रंथाचा संपूर्ण प्रतिवाद तीन आकड्यांत केला होता! मूलाधाराशी वेटोळे घालून बसलेली कुंडलिनी जेथे असावयास हवी, तेथे व्हेगस पोचतच नाही.

सुषुम्नेचीही तीच गत. प्रौढ माणसाचा मेरुरज्जू सुमारे ४५ सेंटिमीटर लांब असून कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली केवळ मुळांचा झुपका आणि माकडहाडाला बांधलेला एक बारीक धागा उरतो. तिसऱ्या-चौथ्या मणक्यामध्ये सुई घालून पाणी काढताना रज्जूला इजा होत नाही, ती याचमुळे. योगग्रंथांची सुषुम्ना मात्र थेट मूलाधारापासून सुरू होते. दोन्हीकडे बोळ आणि जिने आहेत एवढ्यावरून खोताच्या वाडीचा नकाशा घेऊन आंग्रेवाडीतले घर शोधू पाहावे, तसा हा प्रकार आहे.

ग्रंथाला प्रस्तावना लिहिणाऱ्या सर जॉन वुड्रॉफ यांनीच कुंडलिनी म्हणजे एखादा मज्जातंतू हे मत मान्य केले नाही. तिकडे स्वामी दयानंदांनी उलट टोक गाठले होते. नदीतून वाहत आलेले प्रेत चिरून पाहता चक्रे आढळली नाहीत, म्हणून त्यांनी पोथ्याच पाण्यात फेकल्या. ही हकीकत सांगणारे त्यांचे आत्मकथन १८७९ पासून ‘थिऑसॉफिस्ट’ मासिकात येऊ लागले, आणि ते मासिक तेव्हा गिरगाव बॅक रोडवरून, खोताच्या वाडीच्या शेजारूनच, निघत होते. रेळ्यांना शवात कुंडलिनी सापडली, दयानंदांना चक्रे सापडली नाहीत; पण दोघांनीही शोध एकाच ठिकाणी घेतला. लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापणारे स्वामी कुवलयानंद मला यांहून अधिक सावध वाटतात. आसन-प्राणायामाने शरीरात काय घडते, याचे मापन त्यांनी क्ष-किरणादी साधनांनी आरंभले.

आता मूळ ग्रंथाकडे. गीतेच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे नावही नाही. ती ज्ञानदेवांनी नाथपंथीय परंपरेतून तेथे आणली. त्यांची कुंडलिनी कुंकवात न्हालेल्या सर्पशिशूसारखी जागी होते, भुकेने शरीरातील मांस आणि पृथ्वी-जल ही तत्त्वे गिळते, साधकाला नवे दात व नखे फुटतात, आणि अखेरीस तिचे कुंडलिनी हे नावही जाऊन ती मारुत होते. मज्जातंतू मांस खात नाही आणि आपले नाव टाकीत नाही. ‘व्हेगस’ हा अर्थ घेतला की या ओव्यांतील भूक, दाह, तृप्ती आणि विलय ही क्रमशः चढत जाणारी रचना निरर्थक ठरते. टीकाकाराचे खरे काम त्या रचनेचे होते. ते शारीरशास्त्राच्या कोशावर सोपवून तो मोकळा झाला.

परिभाषेपुरते एक नोंदवावेसे वाटते. हिंदीतील शारीरग्रंथांत मस्तिष्काच्या तळाशी असलेल्या भागाला ‘सुषुम्नाशीर्ष’ म्हणतात. तेथे हे समीकरण संज्ञेतच मुरले आहे. मराठीत ‘मेरुरज्जू’ रूढ झाल्याने सुषुम्ना हा शब्द पोथीपुरता मोकळा राहिला. आमच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत मात्र तो पुन्हा कण्यात कोंबलेला दिसतो.