चोरी, वारसा आणि वाचक : ‘द मूनस्टोन’च्या वाचकप्रतिसादांचा विचार

रहस्यकादंबरीच्या वाचकाला एकच प्रश्न पडतो, असे सामान्यतः गृहीत धरले जाते : वस्तू कोणी चोरली? ती मुळात कोणाची होती, हा प्रश्न त्याला सहसा पडत नाही. कारण मालकीविषयी लेखक आणि वाचक यांच्यात आधीच एकवाक्यता झालेली असते. घराण्यातील हरवलेल्या ठेव्याचा शोध हाच जिचा विषय आहे, अशा कादंबरीत तर ही एकवाक्यता अधिकच पक्की असते. ठेवा घराण्याचा आहे, म्हणून तो घराण्याला परत मिळणे म्हणजे न्याय, असे हे समीकरण. विल्की कॉलिन्स यांची ‘द मूनस्टोन’ (१८६८) ही कादंबरी या समीकरणाला आरंभीच तडा देते आणि नंतर वाचकाला तो तडा विसरायला लावते. तिच्या वाचकप्रतिसादांचा दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास म्हणजे या विसरण्याचा आणि आठवण्याचा इतिहास होय.

कादंबरीचा काळ तिच्या पहिल्या वाचकांच्या दृष्टीनेही भूतकाळच होता. मुख्य कथानक १८४८-४९ मध्ये घडते, तर उपोद्घात १७९९ मधील श्रीरंगपट्टणच्या पाडावाचा आहे. सोमनाथच्या मूर्तीतून निघून अखेर टिपूच्या शस्त्रागारात पोहोचलेला पिवळा हिरा जॉन हर्नकॅसल हा इंग्रज अधिकारी रक्तपात करून हस्तगत करतो. त्याचा चुलतभाऊ हे जवळजवळ डोळ्यांनी पाहतो. परंतु न्यायालयात टिकेल असा पुरावा हाती नसल्यामुळे तो जाहीर आरोप करीत नाही, केवळ घरातील मंडळींसाठी एक निवेदन लिहून ठेवतो. पुढे हर्नकॅसल हा हिरा मृत्युपत्राने आपल्या भाचीला, रेचेल व्हेरिंडरला देतो. तिच्या अठराव्या वाढदिवशी तो तिच्या हाती येतो आणि त्याच रात्री नाहीसा होतो. येथे एक बाब लक्षात घ्यावी लागते. व्हेरिंडर घराण्यात हिरा एका दिवसापेक्षा अधिक काळ राहतच नाही. त्या घराण्यात खऱ्या अर्थाने वारसाहक्काने उतरते ते चुलतभावाचे निवेदन, म्हणजेच गुन्ह्याचे ज्ञान आणि त्याविषयी पाळलेले मौन. उपोद्घात वाचणारा वाचकही या मौनाचा वारसदार होतो.

या वारशाचे पहिल्या वाचकांनी काय केले? चार्ल्स डिकन्स यांच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकातून जानेवारी ते ऑगस्ट १८६८ या काळात कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचे ग्रंथरूप प्रकाशित करणाऱ्या विल्यम टिन्स्ली यांनी पुढे आपल्या आठवणींत त्या दिवसांचे चित्र रेखाटले आहे. नव्या अंकासाठी वेलिंग्टन स्ट्रीटवर वाचकांची गर्दी होई, हिरा अखेर कोठे सापडेल यावर पैजा लागत, आणि हमालसुद्धा पाठीवरचे ओझे न उतरवता आडोशाला उभे राहून नवे प्रकरण वाचीत. ही पैज हिरा कोठे सापडेल याची आहे, तो कोणाला मिळायला हवा याची नाही. क्रमशः प्रकाशनाचे तंत्रच असे की, ते वाचकाची नजर पुढच्या आठवड्यावर खिळवून ठेवते. उपोद्घात दर आठवड्याला अधिकाधिक मागे पडत जातो. कारभारी गॅब्रिएल बेटरेज हा पहिला मोठा निवेदक या विस्मरणाला हातभार लावतो. एका हिंदुस्थानी हिऱ्याने आपल्या शांत इंग्लिश घरावर आक्रमण केले, अशी त्याची भावना आहे. लुटून आणलेली वस्तूच येथे आक्रमक ठरते आणि वाचक या उलटापालटीला सहज मान डोलावतो. बेटरेज स्वतः ‘रॉबिन्सन क्रूसो’त प्रत्येक अडचणीचे उत्तर शोधणारा वाचक आहे, ही गोष्टही अर्थपूर्ण आहे.

हान्स रॉबर्ट याउस यांनी मांडलेली ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना येथे उपयोगी पडते. मात्र हे क्षितिज केवळ वाङ्मयप्रकाराच्या संकेतांनी बनलेले नसते. १८६८ च्या इंग्लिश वाचकाला सोमनाथ हे नाव अपरिचित नव्हते. गझनीहून सोमनाथचे म्हणून आणलेल्या दरवाजांविषयी गव्हर्नर जनरल एलनबरो यांनी १८४२ मध्ये काढलेला जाहीरनामा आणि त्यावरून १८४३ मध्ये पार्लमेंटात झालेला वाद अनेकांच्या स्मरणात असणार. (ते दरवाजे सोमनाथचे नव्हतेच, हे नंतर स्पष्ट झाले.) १८५७ चा उठाव तर अवघ्या अकरा वर्षांपूर्वीचा. शिवाय कादंबरीची प्रकरणे प्रसिद्ध होत असतानाच, एप्रिल १८६८ मध्ये, मुंबई इलाख्याचे सरसेनापती रॉबर्ट नेपिअर यांच्या फौजेने अबिसीनियातील मॅग्डाला हा किल्ला घेतला. तेथील चर्चच्या आणि राजाच्या संपत्तीची लूट होऊन तिचा लिलाव करण्यात आला. त्या वर्षीचा वाचक एका बाजूला सत्तर वर्षांपूर्वीच्या लुटीची कादंबरी वाचत होता आणि दुसऱ्या बाजूला ताज्या लुटीची वार्ता. तेव्हा या कादंबरीतील लूट वाचकाच्या अनुभवकक्षेबाहेरची होती, असे म्हणता येत नाही.

ग्रंथरूपानंतरची परीक्षणे याच दृष्टीने तपासली पाहिजेत. ‘स्पेक्टेटर’ने कादंबरी कॉलिन्स यांच्या लौकिकाला साजेशी नसल्याचा निर्वाळा दिला. आरंभी तिचे कौतुक करणाऱ्या डिकन्स यांनाही पुढे तिची रचना कंटाळवाणी आणि वाचकाला दुखावणारी वाटली. परंतु २५ जुलै १८६८ च्या ‘अथीनियम’मधील जेराल्डीन ज्यूझबरी यांचे परीक्षण सर्वांत बोलके आहे. त्यांनी दोन वाचने सुचविली : पहिले भुकेल्या माणसासारखे अधाशी, आणि दुसरे रचनेची कारागिरी न्याहाळणारे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांचे शेवटाविषयीचे मत. जातिधर्म मोडून हिऱ्यामागे समुद्रापार गेलेले तिघे ब्राह्मण सोमनाथला हिरा परत प्रतिष्ठापित झाल्यावर एकमेकांचा निरोप घेऊन कायमच्या प्रायश्चित्तयात्रेला निघतात; तेथे वाचकाचे डोळे भरून येतील, असे त्या सांगतात. एका इंग्लिश वाचक स्त्रीचे हे अश्रू हिरा परत नेणाऱ्यांसाठी आहेत.

या अश्रूंचे स्वरूप भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत अधिक नेमकेपणाने सांगता येते. भट्टनायक-अभिनवगुप्तांच्या विवेचनातील साधारणीकरणाची प्रक्रिया येथे घडलेली आहे. तिघांचे दुःख ‘अमक्यांचे, अमक्या देशातले’ न राहता माणसाच्या त्यागाचे दुःख बनते. मात्र देशकालाचे विशेष गळून पडताच मालकीचा प्रश्नही त्यांच्याबरोबर गळून पडतो. ज्यूझबरी यांना करुणाची प्रतीती येते, पण हिरा मुळात कोणी लुटला, या निवाड्यापर्यंत ती प्रतीती पोहोचत नाही. अश्रू येतात आणि आरोप टळतो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील वाचकांनी अश्रूही बाजूला ठेवले. टी. एस. एलियट यांनी १९२७ मध्ये आधुनिक इंग्लिश गुप्तहेर-कादंबऱ्यांत हिला अग्रस्थान दिले. डोरोथी सेयर्स यांनीही पुढल्याच वर्षी तिचा तितक्याच उच्च स्वरात गौरव केला. त्यांचे लक्ष रचनेवर होते : अफूच्या अमलाखाली फ्रँकलिन ब्लेकने नकळत हिरा उचलणे, तो गॉडफ्रे एबलव्हाइटच्या हाती जाणे, आणि वाचकापासून काहीही न लपवता त्याला चकविणे. या वाचनात ‘चोरी’ म्हणजे फक्त १८४८ ची चोरी. १७९९ ची चोरी ही पार्श्वभूमी. १९७३ मध्ये जॉन रीड यांनी हा क्रम उलटवला आणि मूळ, अमान्य केलेला गुन्हा साम्राज्याचा आहे असे प्रतिपादन केले. डी. ए. मिलर यांनी (१९८८) सार्जंट कफ बाजूला झाल्यावरही समाजाची परस्परांवरील पाळतच पोलिसांचे काम पुरे करते, हे दाखविले. आशिष रॉय यांनी (१९९३) या कादंबरीला साम्राज्यविरोधी ठरविण्यास हरकत घेऊन ती साम्राज्याच्याच चिन्हव्यवस्थेत घडली असल्याचे मांडले. या वाचनांचे ऋण मोठे आहे. तथापि, व्हिक्टोरियन वाचक आंधळा होता आणि दृष्टी आपल्याला लाभली, हे त्यांतून सहज निघणारे अनुमान ज्यूझबरी यांच्या परीक्षणापुढे टिकत नाही. त्या वाचकाला दिसत होते. पाहिलेल्याचे काय करावे, हे त्याला वाङ्मयप्रकाराने शिकविले नव्हते.

मराठी वाचकाचा प्रतिसाद या ठिकाणी वेगळा ठरू शकतो. त्र्यंबकेश्वराचा अलंकार म्हणून परंपरेने ओळखला जाणारा ‘नासक’ हिरा १८१८ मध्ये पेशवाईच्या अस्ताबरोबर ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. १८३७ मध्ये लंडनला त्याचा लिलाव झाला, आणि ‘द मूनस्टोन’ प्रसिद्ध झाली तेव्हा तो एका इंग्लिश उमराव घराण्याच्या मालकीचा होता. हे ठाऊक असलेला वाचक कादंबरीतील हिऱ्याला ‘घराण्याचा ठेवा’ म्हणताना अडखळतो. त्याच्या भाषेत त्यासाठी दुसरा शब्द आहे : देवस्व. देवस्व वारशाने मिळत नाही आणि मृत्युपत्राने देताही येत नाही. हाच वाचक कॉलिन्स यांच्या चुकाही ओळखतो. सोमनाथ हे शिवाचे ज्योतिर्लिंग. कादंबरीत मात्र तेथे चतुर्भुज चंद्रदेवाची मूर्ती आहे. अहिल्याबाई होळकरांनी १७८३ मध्ये जुन्या मंदिराजवळ बांधलेल्या मंदिराचाही तेथे मागमूस नाही. म्हणजे हिरा ज्याला परत मिळतो तो देवही कल्पित आहे. न्याय होतो, पण तो अस्तित्वात नसलेल्या वादीला मिळतो. कॉलिन्स यांच्या सहानुभूतीची मर्यादा याहून स्पष्ट करणारा पुरावा नाही.

अभिनवगुप्तांनी देशकालविशेषाच्या आवेशाची गणना रसविघ्नांत केली आहे. आपल्या गावाचे, आपल्या काळाचे भान सुटले नाही तर आस्वाद खंडित होतो, हे खरेच. परंतु लुटलेल्या वस्तूच्या कथेत असा खंड पडणे हा आस्वादातील दोष मानावा काय? त्र्यंबकेश्वर आठवल्यामुळे ज्याचे अश्रू क्षणभर थांबतात, तो वाचक उपोद्घाताकडे परत वळतो आणि चुलतभावाने लिहून ठेवलेले निवेदन पुन्हा वाचतो. ज्यूझबरी यांनी सुचविलेले दुसरे वाचन कारागिरीसाठी होते. हे दुसरे वाचन साक्षीसाठी आहे. रसविघ्न येथे समीक्षेचे कार्य करते. घरातल्या मंडळींपुरते राखलेले मौन त्यामुळे मोडते, आणि हिरा कोठे सापडेल या पैजेच्या जागी तो कोणाचा, हा प्रश्न उभा राहतो. कादंबरीने हा प्रश्न पहिल्याच पानांत वाचकाच्या हवाली केला होता.